वादळाची बातमी दिवसातून किती वेळा बघायची?

(ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा भाग जसा बोललो तसाच, थोडा नीटनेटका करून, इथे देतोय.)



आज वादळाबद्दल बोलायचंय. पण वादळ आल्यावर काय होतं त्याबद्दल नाही, ते यायच्या आधीचे जे चार-पाच दिवस असतात ना, त्यांच्याबद्दल. आकाश निळंशार असतं, झाडाचं पान हलत नसतं, आणि तरी लोकांची झोप उडालेली असते. वादळ अजून समुद्रात हजार किलोमीटर लांब असतं, पण टीव्हीवर आणि आपल्या फोनमध्ये ते कधीच येऊन पोचलेलं असतं.

आजची बरीचशी गोष्ट अमेरिकेतली आहे, फ्लोरिडा आणि टेक्सासच्या किनाऱ्यावरची. तिकडे ज्याला हरिकेन म्हणतात ते आपलं चक्रीवादळच. अटलांटिकमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर हा त्यांचा हंगाम मानतात. तिकडचीच गोष्ट का? कारण येणाऱ्या वादळाच्या बातम्या माणसाच्या मनाचं काय करतात, याचा तिथं नीट अभ्यास झालाय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी बातम्यांना शिव्या घालायला बसलोय. तसं नाहीये. बातमी नसते तेव्हा काय होतं, ते बघा.

सप्टेंबर १९००. टेक्सासमधलं गॅल्व्हेस्टन हे समुद्रातल्या बेटावरचं श्रीमंत बंदर. त्या वेळी सॅटेलाइट नव्हता, रडार नव्हतं. जहाज समुद्रात असलं की त्याच्याकडून बातमी येणं शक्य नव्हतं. क्यूबातल्या हवामानतज्ज्ञांना वादळ कुठे वळणार याचा अंदाज आला होता, पण अमेरिकेच्या हवामान खात्याचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. ८ सप्टेंबरला वादळ शहरावर आलं आणि किमान सहा हजार माणसं गेली. काही अंदाज तर बारा हजारांपर्यंत जातात. आजही अमेरिकेच्या इतिहासातली ती सगळ्यात जास्त बळी घेणारी नैसर्गिक आपत्ती आहे.

आता एकसष्ट वर्षं पुढे या. १९६१, तोच किनारा, आणि कार्ला नावाचं महाकाय वादळ. ह्यूस्टनच्या एका टीव्ही स्टेशनचा डॅन रादर नावाचा तरुण बातमीदार थेट गॅल्व्हेस्टनच्या हवामान कार्यालयात जाऊन बसला. तिथं रडारचा पडदा होता. त्यानं तिथल्या माणसाला टेक्सासच्या किनाऱ्याचा नकाशा एका पारदर्शक कागदावर काढायला लावला, तो रडारच्या पडद्यावर धरला, आणि कॅमेरा फिरवला. लोकांनी पहिल्यांदाच डोळ्यांनी बघितलं की हे वादळ आपल्या किनाऱ्याच्या मानाने केवढं आहे. साडेतीन लाखांच्या आसपास माणसं घर सोडून आत गेली. मृतांचा आकडा पन्नाशीच्या आत राहिला.

म्हणजे भीती वाटणं वाईट नाही. कार्लाच्या वेळी लोक घाबरले म्हणून तर वाचले! मग बिघडलं कुठे?

माझ्या मते बिघडलं ते हिशोबात. मायामीत अमेरिकेचं नॅशनल हरिकेन सेंटर आहे. वादळाचा अधिकृत अंदाज तेच देतात. आणि ते तो देतात दर सहा तासांनी. तिथल्या उन्हाळी घड्याळाप्रमाणे पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११. वादळ किनाऱ्याजवळ आलं, इशारे लागू झाले, की मधे दर तीन तासांनी एक छोटं बुलेटिन. म्हणजे खरी नवीन माहिती दिवसातून चार वेळा, फार तर आठ वेळा येते.

आणि चॅनल किती वेळ चालतं? चोवीस तास.

आता तुम्हीच विचार करा, दोन बुलेटिनच्या मधल्या सहा तासांत चॅनलवाल्यांनी दाखवायचं काय? नवीन तर काहीच नाहीये. मग तोच नकाशा पुन्हा फिरतो, रिकामे झालेले सुपरमार्केटचे कप्पे दिसतात, पेट्रोलपंपावरच्या रांगा दिसतात, गेल्या वर्षीच्या वादळात उडालेली छपरं दिसतात. खाली लाल पट्टी पळतच असते. आणि रेनकोट घातलेला बातमीदार वाऱ्यात उभा असतो. २०१८ च्या फ्लॉरेन्स वादळातला तो व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी बघितला असेल. बातमीदार वाऱ्याला तोंड देत अक्षरशः कलंडतोय आणि त्याच्या मागून दोन माणसं आरामात चालत जातायत. तो ओल्या गवतावर उभा होता आणि रात्री उशिरापर्यंत काम करून दमला होता, असं त्याच्या चॅनलनं नंतर सांगितलं. असेलही. पण तो व्हिडिओ एवढा पसरला, कारण लोकांच्या मनात आधीपासून जी शंका होती तीच त्यात दिसली.

थोडक्यात काय, माहिती सहा तासांनी येते आणि मधली सगळी जागा भीती भरून काढते.

ही भीती विशेष चिकट असते, त्याचंही कारण आहे. २०१६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी एक प्रयोग छापला. ४५ जणांना कॉम्प्युटरवर एक खेळ खेळायला दिला. दगड उचलायचे, खाली साप आहे का ओळखायचं, साप निघाला की हाताला विजेचा हलकासा झटका. तो झटका दुखायचा, पण इजा व्हायची नाही. लोकांना सगळ्यात जास्त ताण कधी आला? झटका नक्की बसणार हे माहीत होतं तेव्हा नाही. तर बसेल की नाही याची शक्यता अर्धी-अर्धी होती तेव्हा! नक्की वाईट होणार हे कळलं तर मन तयारीला लागतं. ‘होईल की नाही’ या अवस्थेत ते नुसतं ताटकळतं.

येणारं वादळ म्हणजे दुसरं काय असतं? पाच दिवस तीच अर्धी-अर्धी अवस्था.

आता मुख्य अभ्यासाकडे येऊ. सप्टेंबर २०१७. इर्मा नावाचं वादळ फ्लोरिडाकडे निघालं होतं. सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष मायामीकडे, मग अंदाज पश्चिमेकडे सरकला. राज्यातल्या साठ लाखांहून जास्त लोकांना घर सोडायला सांगितलेलं होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतल्या रॉक्सेन कोहेन सिल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळीच गोष्ट केली. सहसा असे अभ्यास वादळ होऊन गेल्यावर होतात. यांनी वादळ धडकायच्या आधीच्या साधारण ६० तासांत फ्लोरिडातल्या १६३७ लोकांना गाठलं. तुम्ही या वादळाच्या बातम्या किती बघताय? नंतर तुमच्या मनाची अवस्था कशी असेल असं तुम्हाला वाटतं? मग महिनाभराने त्यांच्यापैकी बहुतेकांना परत विचारलं: आता कसे आहात?

२०१९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. वादळाआधी ज्यांनी बातम्या जास्त बघितल्या होत्या, त्यांना ‘आपलं नंतर फार वाईट होणार’ असं जास्त वाटत होतं. आणि ज्यांना तसं वाटत होतं, त्यांची मनःस्थिती महिनाभराने खरंच जास्त वाईट होती. प्रत्यक्ष वादळाचा फटका किती बसला आणि आधीपासून काही मानसिक त्रास होता का, हे हिशोबात धरूनसुद्धा!

इथे एक प्रश्न मनात यायलाच हवा. जो मुळात घाबरट आहे तोच जास्त बातम्या बघत असेल ना? मग दोष बातम्यांचा कसा? बरोबर आहे. नुसत्या अशा एका अभ्यासातून ‘टीव्हीमुळेच झालं’ असं म्हणता येत नाही. पण त्याच गटाचा आणखी एक अभ्यास आहे, वादळांचा नाही, हल्ल्यांचा. २०१३ चा बोस्टन मॅरेथॉनचा बॉम्बस्फोट आणि २०१६ चा ऑरलँडोचा गोळीबार. चार हजारांहून जास्त लोकांच्या तीन वर्षं मागावर राहून त्यांनी बघितलं, तर एक चक्रच दिसलं. पहिल्या घटनेच्या बातम्या भरपूर बघितल्या, त्यातून काळजी वाढली. काळजी वाढलेल्या माणसाने पुढच्या घटनेच्या बातम्या आणखी जास्त बघितल्या, आणि आणखी त्रास करून घेतला. म्हणजे भीतीमुळे आपण बघतो आणि बघितल्यामुळे भीती वाढते. अंगठा मात्र स्क्रोल करत राहतो, कारण मनाला वाटतं, पुढच्या व्हिडिओत तरी नक्की काय ते कळेल.

याच बोस्टनच्या स्फोटानंतरचं एक निरीक्षण माझ्या डोक्यातून जात नाही. स्फोटानंतरच्या आठवड्यात ज्यांनी रोज सहा किंवा जास्त तास त्याच्या बातम्या बघितल्या, त्यांना आलेला ताण हा प्रत्यक्ष स्फोटाच्या ठिकाणी असलेल्या लोकांपेक्षाही जास्त नोंदवला गेला. घरात, सोफ्यावर बसून!

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, थोडी झोप उडाली, त्यात एवढं काय? तर त्यात जीवही जातो. रिटा वादळाची गोष्ट ऐका.

२००५ च्या ऑगस्टच्या शेवटी कट्रीना आलं, न्यू ऑर्लिन्स बुडालं. छपरांवर अडकलेली माणसं, स्टेडियममध्ये पाण्यावाचून बसलेली कुटुंबं, ही दृश्यं सगळ्या देशाने दिवसरात्र बघितली. तीन आठवड्यांनी रिटा वादळ टेक्सासकडे निघालं. ज्यांना निघायला सांगितलं होतं ते तर निघालेच, पण ज्यांच्या घराला पुराचा धोका नव्हता, ज्यांना कोणी जा म्हटलं नव्हतं, तेही निघाले. ह्यूस्टनच्या परिसरातून २५ लाखांहून जास्त माणसं एकाच वेळी रस्त्यावर! मैलोन्‌मैल गाड्या जागच्या जागी थांबल्या. भयंकर ऊन, पेट्रोल संपलेलं, पाणी संपलेलं. वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणाऱ्या एका बसला डॅलसजवळ आग लागून २३ जण गेले. आणि रिटा? ती वळली आणि ह्यूस्टनच्या पूर्वेला, लुइझियानाच्या सीमेजवळ धडकली. वादळाच्या वाऱ्या-पाण्याने जेवढी माणसं मारली नाहीत, त्याच्या कितीतरी पट, शंभराच्या आसपास, या पळापळीत गेली.

निघायला सांगितलं तर निघायलाच हवं, त्यात दुमत नाही. पण निघायचं की थांबायचं हे आपल्या घराच्या जागेवरून ठरवायचं असतं. टीव्हीवर तीन आठवड्यांपूर्वी काय बघितलं त्यावरून नाही.

आता याची दुसरी बाजू. बातम्या काहींना नको इतकं घाबरवतात आणि काहींना उगाच निर्धास्त करतात. एकाच वेळी!

वादळाच्या बातमीत तो पांढरा शंकूसारखा आकार दिसतो, बघितलाय ना? सुरुवातीला निमुळता आणि पुढे रुंद होत जाणारा. त्याचा अर्थ एवढाच, की वादळाचा मध्यबिंदू साधारण तीनातल्या दोन वेळा या आकाराच्या आत राहतो. म्हणजे तीनातून एकदा तो बाहेरही जातो. आणि वादळ केवढं मोठं आहे, पाऊस कुठे पडेल, पाणी कुठे शिरेल, यातलं काहीच तो आकार सांगत नाही. पण लोक वाचतात कसं? आत आलो तर मेलो, बाहेर आहोत तर सुटलो.

२००४ मध्ये चार्ली वादळ टॅम्पाला जाणार असं सगळे धरून चालले होते. नकाशावर मधोमध काढलेली रेघ टॅम्पावर होती. शेवटच्या काही तासांत वादळ वळलं, जोर धरला आणि दक्षिणेला पुंटा गोर्डावर आदळलं. तिथल्या भागालाही इशारा दिलेला होता बरं का! पण लोकांची नजर त्या रेघेवर होती.

हे ऐकून तुम्हाला आपल्याकडचं काही आठवलं? मला ३ जून २०२० आठवतो. निसर्ग चक्रीवादळ. टाळेबंदीचे दिवस, सगळे घरात, आणि सगळ्या चॅनलवर मुंबई, मुंबई, मुंबई. मरीन ड्राइव्हवर कॅमेरे लावून ठेवलेले. दुपारी वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि मग मुंबई वाचली, संकट टळलं, असा सूर लागला. तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगडकडे नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या, घरांची कौलं-पत्रे उडाले होते. वीज नाही, मोबाइलचे टॉवर बंद, त्यामुळे तिथली बातमी बाहेर यायलाच वेळ लागला. मुंबईतल्या माणसाने दोन दिवस भीती खाल्ली आणि कोकणातल्या माणसाचं दुःख पट्टीतसुद्धा नीट आलं नाही.

आता फोनकडे येऊ, कारण तुम्ही-मी टीव्ही कमी आणि फोन जास्त बघतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन नावाचं वादळ मेक्सिकोच्या आखातात होतं. मायामीतले जॉन मोरालेस हे अनेक दशकं हवामान सांगणारे, शांत माणूस म्हणून ओळखले जाणारे. वादळाच्या केंद्रातला हवेचा दाब दहा तासांत ५० मिलिबारने उतरल्याचं सांगताना त्यांचा गळा दाटून आला. ती क्लिप जगभर गेली. माझ्या मते ते खरं होतं, त्यात नाटक नव्हतं. पण जगभर फिरताना त्या क्लिपमधला आकडा गळून गेला आणि नुसतं रडू उरलं.

माझी मावसबहीण टॅम्पापासून तासाभरावर राहते. आमच्या घरच्या ग्रुपवर ती क्लिप चार जणांनी टाकली. मावशी सांगलीत, हातात दोन फोन, एकावर चॅनल आणि दुसऱ्यावरून लेकीला कॉल. ताई तिकडे खिडक्यांना प्लायवूड ठोकतेय, पाणी भरून ठेवतेय, आणि दर पाच मिनिटांनी इकडून कोणीतरी विचारतंय, ‘काय गं, निघालीस का? ते बघ काय दाखवतायत!’ शेवटी तिनेच एक नियम केला. रोज तिच्याकडच्या सकाळी आठ आणि रात्री आठला ती एक मेसेज टाकणार. म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी आणि पहाटे साडेपाचला. मधे कोणीही फोन करायचा नाही, बॅटरी वाचवायचीय. पहिल्या दिवशी मावशी चिडली. दुसऱ्या दिवशी मात्र ती साडेपाचचा मेसेज वाचून जेवणाच्या तयारीला लागली. तिला पुरेशी माहिती मिळत होती, फक्त ती वेळेवर मिळत होती.

आणि मिल्टनचं शेवटी झालं काय? ९ ऑक्टोबरच्या रात्री ते टॅम्पाच्या दक्षिणेला धडकलं. टॅम्पाच्या खाडीत पाणी शिरायच्या ऐवजी वाऱ्याने ते बाहेर ओढलं गेलं. आणि त्याच दिवशी राज्याच्या पार दुसऱ्या किनाऱ्यावर, सेंट लूसी काउंटीत, वादळाच्या बाहेरच्या पट्ट्यांतून उठलेल्या टोर्नेडोंनी सहा जणांचा जीव घेतला. सगळे कॅमेरे मात्र टॅम्पाकडे वळलेले.

मग चांगली बातमी कशी असते? त्याचंही उदाहरण आहे. ऑगस्ट १९९२, अँड्र्यू वादळ, मायामी. ब्रायन नॉरक्रॉस हे स्थानिक टीव्हीवरचे हवामानतज्ज्ञ सलग २३ तास बोलत राहिले. वीज गेली तशी माणसं अंधारात बॅटरीवरचे टीव्ही आणि रेडिओ लावून त्यांना ऐकत होती. वादळ किती भयानक आहे हे ते परत परत सांगत बसले नाहीत. घराच्या आतल्या, खिडकी नसलेल्या जागेत जा, गादी डोक्यावर घ्या, अशा गोष्टी सांगितल्या. नंतर कित्येक लोकांनी सांगितलं की या आवाजामुळे आम्ही वाचलो. भीती तीच, वादळ तेवढंच भयंकर, पण प्रत्येक वाक्यानंतर ऐकणाऱ्याच्या हाताला काहीतरी काम होतं.

मला वाटतं, बातमी ओळखायची ही सोपी खूण आहे. ऐकून झाल्यावर मला काय करायचं ते कळलं का? कळलं तर ती बातमी. नाही कळलं आणि छातीत नुसती धडधड उरली, तर तो मधल्या सहा तासांचा भराव.

तर पुढच्या वेळी चक्रीवादळ येईल तेव्हा, आणि ते येणारच, एवढं करून बघा.

एक. वेळ ठरवा. आपलं भारतीय हवामान विभाग चक्रीवादळाच्या काळात दर तीन तासांनी बुलेटिन देतं. तुम्ही किनाऱ्यावर असाल तर तेवढ्या वेळा बघा. नागपुरात असाल तर सकाळ-संध्याकाळ पुरे. तुमचं कोणी अमेरिकेत असेल तर तिथली मोठी बुलेटिनं आपल्याकडे दुपारी अडीच, रात्री साडेआठ, मध्यरात्रीनंतर अडीच आणि सकाळी साडेआठला येतात. रात्री अडीचचं सोडून द्या, झोपा.

दोन. व्हिडिओपेक्षा मजकूर वाचा. बुलेटिन वाचायला दोन मिनिटं लागतात आणि ते संपतं. व्हिडिओ संपत नाहीत.

तीन. रंगांचा अर्थ लक्षात ठेवा. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता कृती करा. रेड अलर्ट म्हणजे ‘घाबरा’ असं कुठेही लिहिलेलं नाही.

चार. प्रत्येक बातमीमागे एक काम करा. पॉवर बँक चार्ज, औषधं पिशवीत, कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये, गच्चीवरचे सैल पत्रे आणि कुंड्या खाली. काम झालं की फोन बाजूला. आणि प्रशासनाने निघायला सांगितलं तर वाद घालत बसू नका, निघा.

पाच. लांब असाल तर फॉरवर्ड करू नका. तिथल्या माणसाला क्लिप पाठवण्याऐवजी एकच विचारा, ‘मी इथून काय करू?’ कधी कधी उत्तर येतं, ‘आईला समजाव.’ तेही मोठं काम आहे.

हा भाग घरातल्या अशा एका माणसाला ऐकवा, जो चॅनल बंद करतच नाही. तुम्हीच तो माणूस असाल तर या आठवड्यात एक नोटिफिकेशन बंद करून बघा आणि कसं वाटलं ते मला कळवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि काळजी थोडी कमी करा!